बेसेमर: डोलत्या जहाजातलं स्थिर दालन

पडद्यावर दिसणारं हे जहाज १८७९ साली भंगारात निघालं. आज ते पुन्हा पाण्यात आहे, एका नौकानयनाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जहाज चालवण्याच्या संगणकी खेळात. त्याचं पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं, हे पटकन सांगता येत नाही. दोन्ही टोकं सारखीच, पाण्यालगत उतरलेली, आणि दोन्हीकडे सुकाणू. आता कडेला पाहा. चाकाच्या आगबोटीला सहसा दोन बाजूंना मिळून दोन चाकं असतात. हिला चार आहेत.

हिचं नाव एस. एस. बेसेमर. इंग्लिश खाडी ओलांडताना कुणालाही बोट लागू नये, एवढ्या एका हेतूने ही बांधली गेली.

हेन्री बेसेमर हे नाव पोलादाच्या धंद्यात आजही घेतलं जातं. वितळलेल्या बिडातून हवा फुंकून स्वस्तात पोलाद करण्याची त्यांची पद्धत १८५६ सालची. आगगाड्यांचे रूळ त्यातूनच स्वस्त झाले. या माणसाला बोट मात्र भयंकर लागायची. १८६८ साली फ्रान्समधल्या कॅलेहून इंग्लंडमधल्या डोव्हरला येताना त्यांचे इतके हाल झाले, की लंडनला पोचल्यावरही डॉक्टरांना बोलवावं लागलं. बरे झाल्यावर त्यांनी हा प्रश्न आपल्या परीने, म्हणजे यंत्राने, सोडवायला घेतला.

प्रश्न फक्त त्यांचा नव्हता. १८७०च्या दशकात मुंबईचं टपालसुद्धा याच वाटेने यायचं: डोव्हरहून कॅले, तिथून आगगाडीने इटलीतलं ब्रिंडिसी, आणि पुढे सुएझमार्गे. खाडीवरच्या बोटी लहान असत, कारण पलीकडची बंदरं उथळ होती. लहान बोट, आखूड लाटा, आणि आत दाटीवाटीने बसलेली आजारी माणसं.

डिसेंबर १८६९ मध्ये बेसेमर यांनी पेटंट घेतलं. कल्पना अशी: जहाज डोलतंय तर डोलू दे, उतारू बसतात ते दालन डोलता कामा नये. लंडनमध्ये डेन्मार्क हिलला त्यांचं घर होतं. तिथल्या आवारात त्यांनी एक मोठं मॉडेल उभारलं आणि वाफेच्या इंजिनाने ते हलवत ठेवलं. पाहुणे आत बसून पाहत आणि खूश होऊन बाहेर पडत. पण इंजिनाचे हेलकावे एका तालात येतात. समुद्राचे तसे येत नाहीत.

जहाजाचा आराखडा एडवर्ड रीड यांचा. ते ब्रिटिश नौदलाचे माजी मुख्य बांधणीतज्ज्ञ. बांधणी हल बंदरातल्या अर्ल्स कारखान्यात झाली आणि २४ सप्टेंबर १८७४ रोजी जहाज पाण्यात उतरलं. लांबी ३५० फूट. डेकची रुंदी ४० फूट, चाकांची घरं धरून ६५. पाण्याखाली मात्र जेमतेम साडेसात फूट, कॅलेच्या उथळ पाण्यासाठी. मधोमध सलून, म्हणजे तेच न डोलणारं दालन: ७० फूट लांब, ३० फूट रुंद, छत २० फुटांवर. कोरीव ओकचे पिळदार खांब, मोरोक्को चामड्याची आसनं, सोनेरी चौकटींत हाताने रंगवलेली चित्रं.

सिम्युलेटरमध्ये हे सगळं उभं करताना सर्वात आधी चाकं अडतात. एका बाजूची दोन चाकं एकामागे एक आहेत. पुढचं चाक पाणी मागे ढकलतं, आणि मागच्या चाकाच्या फळ्या त्या आधीच पळणाऱ्या पाण्यात पडतात. पळत्या पाण्यावर जोर मिळत नाही. त्यामुळे खेळात दुसऱ्या जोडीचा रेटा पहिलीपेक्षा कमी धरावा लागतो. तसं केलं नाही तर जहाज भलतंच वेगवान होतं आणि पुढचं सगळं खोटं ठरतं.

आता सलून. ते जहाजाच्या लांबीच्या दिशेने असलेल्या आसावर टांगलेलं होतं, म्हणजे ते फक्त डावी-उजवीकडे झुकू शकायचं. दोन्ही अंगांना पाण्याच्या दाबावर चालणारे दट्टे. आणि या सगळ्याचा ताबा एका माणसाच्या हातात. त्याच्यासमोर गवंडी वापरतात तशी पाणसळ. बुडबुडा सरकला की त्याने मूठ फिरवायची आणि सलून पुन्हा समपातळीत आणायचं.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोम इथेच आहे. समजा, जहाज दहा अंश डोलतंय आणि एका हेलकाव्याला आठ सेकंद लागतात. त्या माणसाचा प्रतिसाद अर्धा सेकंद मागे पडला, बाकी सगळं अचूक केलं, तर सलून साधारण चार अंश डोलतं. हा फायदा मोठा आहे. पण उशीर १.३ सेकंदावर गेला, तर सलून पुन्हा दहा अंश डोलू लागतं, जहाजाइतकंच. हेलकाव्याच्या सहाव्या भागाएवढा उशीर झाला की सगळी यंत्रणा फुकट. त्याहून उशीर झाला तर नुसत्या जहाजापेक्षा सलूनच जास्त डोलतं! बुडबुडा पाहायचा, ओळखायचं, मूठ फिरवायची, मग पाण्याच्या दाबाने तो अवजड सांगाडा हलायचा. १.३ सेकंदात हे सगळं, प्रत्येक हेलकाव्याला, तासभर आणि अधिक. शिवाय जहाज आडवं रेटलं गेलं की बुडबुडा तसाही सरकतो, जमीन सपाट असली तरी. म्हणजे त्या माणसाचं साधनच त्याला चकवणार होतं.

आणखी एक गोष्ट बेसेमर यांच्या हयातीत कुणी मोजली नव्हती. १९७४ साली ओ'हॅन्लन आणि मॅककॉली या अमेरिकी संशोधकांनी माणसांना वर-खाली हलणाऱ्या खोलीत बसवून प्रयोग प्रसिद्ध केले. सर्वात जास्त मळमळ साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली होण्याने होते, असं त्यातून दिसलं. डोलण्याहून पोटाला जास्त छळतं ते हे उचललं जाणं आणि खाली येणं. सलूनचा आस कितीही चांगला चालला, तरी जहाज वर उचललं गेलं की सलूनही उचललं जाणार. खेळातल्या आलेखात या वर-खाली होण्याची रेघ सलून मोकळं असो वा बांधलेलं, जराही बदलत नाही. उतारूंना खरी मदत झाली असती ती रीड यांच्या साध्या निर्णयाची: लांब जहाज आणि सलून बरोबर मध्यावर, जिथे पुढच्या-मागच्या आपटण्याचा त्रास सर्वात कमी.

तीच लांबी कॅलेला नडली.

एप्रिल १८७५ मध्ये खाजगी चाचणीत जहाज कॅलेच्या धक्क्यावर आपटलं आणि एक चाक मोडलं. ८ मे १८७५ रोजी उतारूंना घेऊन ते पुन्हा निघालं. सलून त्या दिवशी जागच्या जागी पक्कं बांधलेलं होतं. हवा चांगली होती. तरीही बंदराच्या तोंडाशी जहाज सुकाणूला दाद देईना, आणि धक्क्याचा भाग त्याने पाडला. ज्या सलूनसाठी एवढा खटाटोप, त्याची खऱ्या लाटांवर उतारूंसमोर परीक्षा झालीच नाही. मला या गोष्टीची फार हळहळ वाटते.

सुकाणू का चाललं नाही? पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जहाजात पंखा पाणी थेट सुकाणूवर फेकतो, त्यामुळे वेग कमी असला तरी सुकाणूला जोर मिळतो. चाकाच्या बोटीत चाकं बाजूला, सुकाणू टोकाला. तिथे पाणी पोचतं ते फक्त बोट चालण्याने. वेग कमी केला की सुकाणू मरतं. वेग ठेवला तर ३५० फुटी जहाज अरुंद तोंडात थांबवायचं कसं?

जहाज चालवण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या भागधारकांचा विश्वास उडाला, ती गुंडाळली गेली. रीड यांनी सलून उचलून केंट परगण्यातल्या आपल्या हेक्स्टेबलच्या घरी बिलियर्डची खोली म्हणून बसवलं. पुढे तिथे बागकामाचं महाविद्यालय आलं आणि सलून व्याख्यानाचं दालन झालं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने ते गेलं. डोलणं आवरण्याचा प्रश्न शेवटी उलट्या बाजूने सुटला. १९३६ साली आइल ऑफ सार्क या खाडीवरच्याच जहाजाला पाण्याखाली हलते पंख बसवले, आणि दालनाऐवजी अख्खं जहाजच सावरलं गेलं.

आता शेवटची फेरी. तेच जहाज, तेच कॅले, आणि किनाऱ्याला समांतर धावणारी भरतीची ओढ. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बंदराच्या तोंडात शिरते, तिथलं पाणी शांत. मागचा भाग अजून ओढीत आहे, तो वाहत बाजूला जातो. जहाज तिरकं होतं आणि धक्का समोर येतो. हीच फेरी ओढ थांबून पाणी थबकलं असताना केली, तर जहाज सरळ आत येतं. पण डोव्हरची बोट निघायची ती लंडनच्या आगगाडीच्या वेळेवर, आणि टपाल भरतीसाठी थांबत नसे.