टाकी भरेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक सुरू झाली की आमचा दिवस आमचा राहत नाही. सकाळी सौदे, मग मापं, मग हिशोबाच्या पट्ट्या. समोर शेतकरी उभा असतो, त्याला गावाकडची शेवटची गाडी गाठायची असते. हमाली, तोलाई, उचल, सगळं वजा करून त्याच्या हातात पैसे पडेपर्यंत मान वर करायची सोय नाही. असल्या माणसानं ३९व्या वर्षी गिटार घ्यावी आणि वर रेडिओवर येऊन तिच्याबद्दल बोलावं, हे यार्डात अजून कुणाला पटलेलं नाही. आमचे मापाडी मामा विचारतात, “मुनीमजी, त्या सतारीचं काय झालं?” तीन वर्षं झाली, ती सतारच आहे.

पहिलं वर्ष वाया गेलं. ठरवलं होतं, रविवारी दोन तास बसायचं. आता आपल्याकडचा रविवार तुम्हाला माहीत आहे. कुणाचं लग्न, कुणाचा साखरपुडा, गावी सप्ताह, नाहीतर पाहुणे. वर्षात दहा रविवारसुद्धा हाती लागले नसतील. त्यात गिटार पिशवीत, पिशवी दिवाणाखाली, दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. कपडे उचला, पिशवी ओढा, चेन उघडा, तारा लावा. एवढं होईपर्यंत बाहेरून हाक आलेलीच.

मग एक दिवस भिंतीत खुंटी ठोकली आणि गिटार तिच्यावर टांगली. एवढंच केलं. पण येता-जाता हात पोचायला लागला, आणि हात पोचला की दोन मिनिटं तरी वाजतंच.

खरा वेळ मात्र मला नळानं दिला. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी घरातलं एक माणूस मोटारीपाशी अडकलेलं असतं. आमची टाकी हजार लिटरची, भरायला चाळीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाहेर जाता येत नाही, झोपता येत नाही, दुसरं काही काम धरता येत नाही. पूर्वी मी मोबाईल बघत बसायचो. आता मोटार सुरू केली की खुंटीवरची गिटार मांडीवर.

एकदा फजितीही झाली. एका कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्यात, असा गुंतलो की टाकी भरून वाहायला लागली, पाणी पत्र्यावरून थेट शेजारच्या अंगणात. शेजारच्या काकू ओरडल्या, “पाणी सांडायलंय की! अन् तू तारा खाजवत बसलास?” आपल्याकडे पाणी सांडणं म्हणजे काय असतं ते तुम्ही जाणता. पुढे महिनाभर मी त्यांच्या समोरून मान खाली घालून जायचो. आता फोनवर पस्तीस मिनिटांचा गजर लावूनच बसतो.

वेळ मिळाला, पण त्या वेळात काय करायचं? माझं गाडं इथंच अडलं होतं. मी रोज गाणं पहिल्यापासून वाजवायचो. मुखडा छान जायचा, कारण तो शेकडो वेळा वाजवलेला. अंतऱ्यात एका जागी कोसळायचो. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जे येत होतं त्याचा रोज रियाज आणि जे येत नव्हतं त्याला रोज हुलकावणी.

ती जागा कोणती ते सांगतो. गाणं डी पट्टीतलं. डी, जी, ए हे कॉर्ड बरे आहेत, पण ए-वरून बी मायनरवर जायचं होतं. बी मायनर हा बार कॉर्ड. गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर पाच तारांवर आडवं टाकायचं आणि बाकीची तीन बोटं पुढे. नवशिक्याचा घाम काढणारं प्रकरण. मी आधी पळवाट शोधली. कॅपो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावला. बी मायनरचा झाला सोपा ए मायनर. खूश झालो. पण त्याच हिशोबानं जी-चा झाला एफ, आणि एफ हा बी मायनरहून खाष्ट. पुढच्या दारानं पळालो तर मागच्या दारात सासरा उभा! सातव्या फ्रेटवर चिमटा लावला की सगळे कॉर्ड सोपे होतात, जी, सी, डी, ई मायनर. पण मग गिटारीचा आवाज खेळण्यातल्यासारखा बारीक येतो. तेव्हा म्हटलं, आता तोंड द्यायचंच.

इथं मला माझा धंदा उपयोगी पडला. वर्षाअखेरीला तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळत नाही तेव्हा पहिल्या पानापासून सगळ्या बेरजा पुन्हा करणारा मुनीम नवखा समजावा. जुना माणूस आधी फरक बघतो. फरकाला नवानं नि:शेष भाग गेला, तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत, ४५ च्या जागी ५४ लिहिलंय, हा पहिला संशय. फरक दोननं भागून येणारी रक्कम वहीत सापडली, तर ती जमेच्या बाजूऐवजी नावे बाजूला पडली असेल. आधी चुकीची जात ओळखायची, मग पान शोधायचं.

तेच गिटारीला लावलं. डाव्या हातानं तारा नुसत्या हलक्या झाकल्या, सूर नाही, फक्त ठक-ठक, आणि उजव्या हातानं ठेका धरून ती जागा ओलांडून बघितली. ठेका नीट गेला. मग कॉर्डसकट वाजवलं, तर ठेका अडखळला. म्हणजे गोम अशी होती की डावं बोट बसेपर्यंत उजवा हात थांबून वाट बघत होता. दोष डाव्यावर लावत होतो, थांबत होता उजवा.

आता ठेक्याची गंमत ऐका. गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक ठेका शिकवतात. हात खाली, मग खाली-वर, मग वर-खाली-वर. आमच्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्या बुवांना तो मी मांडीवर थापून दाखवला. ते म्हणाले, “हा तर केरवा झाला की.” केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल. मग बोटांवर मात्रा मोजल्या. आठ मात्रांत पहिलीला हात खाली येतो, दुसरीला नुसताच वर जातो, तिसरीला खाली, चौथीला वर. पाचवीला हात खाली येतो पण तारेला शिवत नाही. मग सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. आणि केरव्यात पाचवी मात्रा कसली? खालीची, म्हणजे रिकामी! ज्या मात्रेवर आपला तबलजी डग्गा वाजवत नाही, नेमक्या त्याच मात्रेवर गिटारवाल्याचा हात रिकामा उतरतो. हे कळल्यावर दोन दिवस मी हवेत होतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरं.”

बुवांनीच पुढचं सांगितलं, बोल तोंडी बसले की हाती यायला वेळ लागत नाही. तबल्यात पढंत करतात तसं. मग मी पट्ट्यांना नंबर टाकता टाकता मनात म्हणायला लागलो, खा, खा-व, व-खा-व. स्कूटरवर तेच, सौद्याच्या गर्दीत तेच. गिटार घरी खुंटीवर आणि रियाज यार्डात चालू. सोयाबीनच्या हंगामात हातात गिटार रोज तीन मिनिटं आली असेल-नसेल, पण उजवा हात थांबायचा बंद झाला तो त्याच हंगामात. कॉर्ड बसला नाही तरी हात चालू. बेसूर होऊ दे, अडू नको.

डाव्या हाताचं गुपित नंतर सापडलं. पाच तारांवर बोट आडवं असतं म्हणून मी पाचही तारा जीव खाऊन दाबायचो, अंगठा सुन्न होईपर्यंत. नीट बघितलं तर त्या बोटानं दाबायच्या तारा दोनच आहेत, पाचवी आणि पहिली. मधल्या तिन्ही तारांवर पुढे दुसरी बोटं बसलेलीच असतात. मग बोट किंचित कडेवर कललं, जोर निम्म्यावर आला. शिवाय तोच आकार आधी सातव्या फ्रेटवर धरला. नटाजवळ, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीजवळ, घरं (दोन फ्रेटमधल्या जागा) रुंद असतात. पहिलं घर साधारण ३६ मिलिमीटर, बाराव्या फ्रेटपुढचं त्याच्या निम्मं. सातव्यावर बोटं फार ताणावी लागत नाहीत. तिथं जमलं, मग एकेक घर सरकत दुसऱ्यावर आलो.

आणि वाजवायच्या फक्त चार मात्रा. ए-च्या शेवटच्या दोन, बी मायनरच्या पहिल्या दोन. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, फोनवर फुकट मिळतो. गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांची, मी ५० वर सुरुवात केली. मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल होतो ते कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचो. पहिल्या दिवशी ८. त्यातही दोन मी माझ्याच बाजूनं मोजलेले. तुरीची आवक ओसरली तेव्हा आकडा ३४ वर होता. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं आपल्याकडे सांगतात. त्यांनी त्या शाईत गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या. माझ्या शाईत चार मात्रा.

जाता जाता उन्हाळ्याचं एक. एप्रिल-मेमध्ये खुंटी सोडून गिटार पिशवीत ठेवा, पत्र्याच्या खोलीत तर टांगूच नका. आपली कोरडी हवा लाकूड आकसवते, मग फ्रेटच्या कडा बाहेर येऊन हाताला खरचटतात. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवला आणि डबी पिशवीत टाकली तरी पुष्कळ फरक पडतो.

गेल्या महिन्यात नळ आला त्या दिवशी मोटार लावली, गिटार घेतली आणि का कोण जाणे, चार मात्रांवर न थांबता पुढे गेलो. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. बी मायनरची तिसरी तार जरा भुणभुणली, पण हात थांबला नाही. आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. सहा महिने तिनं माझ्याकडून त्या चार मात्रांपलीकडे काही ऐकलं नव्हतं. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, “हे नवं कवा शिकलास रे?”