जपमाळेवर मोजलेली नदी

आज आपण त्सांगपो नदीच्या, म्हणजेच ब्रह्मपुत्रेच्या तिबेटमधील प्रवाहाच्या पहिल्या मोजणीविषयी बोलणार आहोत. उंचावरची, कोरडी आणि विरळ वस्तीची ही दरी १८६५ पर्यंत मुख्यतः जुन्या चिनी नकाशांवरून आणि ऐकीव माहितीवरून रेखाटली जात असे. तिबेटची सरहद्द इंग्रजांना बंद होती. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण खात्यातील माँटगोमरी यांनी कुमाऊंमधील मिलम गावचे शिक्षक नैनसिंग रावत यांना डेहराडूनला मोजणीचे शिक्षण देऊन पाठवले.

वेषांतर करून निघालेल्या नैनसिंग यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. मैलाला सुमारे २,००० पावले, म्हणजे माळ पुरी झाली की पाच मैल. चढ लागो वा वाळू, पाऊल तेवढेच पडले पाहिजे. होकायंत्राने घेतलेल्या दिशांच्या नोंदी प्रार्थनाचक्रात, मंत्राच्या कागदाच्या जागी जात.

वेषांतराची ही हकीकत सगळेच रंगवून सांगतात. मला मात्र चूक पकडण्याची त्यांची पद्धत अधिक थोर वाटते. नुसती पावले मोजत गेले, तर प्रत्येक मुक्कामाची लहानशी चूक पुढच्या मुक्कामात साचत जाते. म्हणून रात्री, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, कवड्यांत लपवलेला पारा लाकडी वाटीत ओतायचा. स्थिर पाऱ्याचा पृष्ठभाग क्षितिजाला समांतर असतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब यांच्यातील कोन सेक्स्टंटने मोजून निम्मा केला की ताऱ्याची उंची मिळते आणि तिच्यावरून त्या जागेचा अक्षांश काढता येतो. वाऱ्याची झुळूक आली की पारा थरथरतो, प्रतिबिंब विस्कटते आणि पुन्हा वाट पाहावी लागते. असे ३१ अक्षांश त्यांनी आणले.

जागेची उंची उकळत्या पाण्यावरून काढली जाई, कारण साधारण ३०० मीटर वर गेल्यास पाणी एक अंश सेल्सिअस आधी उकळते. त्यांनी काढलेली ल्हासाची उंची सुमारे ११,७०० फूट होती, म्हणजे आजच्या मापापेक्षा जेमतेम तीनशे फुटांनी कमी.

मात्र सुमारे १,२०० मैलांच्या चालीत उंची मोजली गेली ती ३३ ठिकाणी, आणि तेवढ्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढता येत नाहीत. नकाशावर खात्रीने उतरली ती वाट आणि मानसरोवराच्या बाजूपासून ल्हासाच्या दक्षिणेपर्यंतची नदी. तिथून पूर्वेला ती हिमालयाला वळसा घालून कशी उतरते, हे बेली आणि मोर्सहेड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९१३ मध्ये बराचसा भाग पायी फिरून नोंदवले.