झाकलेली माती

दुपारच्या उन्हात बागेतली सर्वांत आधी तापणारी गोष्ट म्हणजे कुंडीतली माती. जमिनीतल्या वाफ्याला खालच्या थंड थरांचा आधार असतो. कुंडी मात्र चारही बाजूंनी तापते आणि कडेला टेकलेली कोवळी मुळे करपू लागतात. पाने मलूल दिसली की आपण घाईने पाणी ओततो, पण उघड्या मातीतला ओलावा संध्याकाळपर्यंत उडून जातो. म्हणून उन्हाळी भाजीपाल्याची खरी मशागत आधी मातीची करावी लागते.

कुंडी भरण्यासाठी बागेतली माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र कालवावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि बोटाच्या हलक्या धक्क्याने तो फुटावा, इतपत ओल त्यात हवी. गोळा तसाच चिकटून राहिला, तर अशा मातीत पाणी साचून मुळे कुजण्याचा धोका असतो. कुंडीच्या तळाच्या छिद्रांवर खापराचे तुकडे नुसते ठेवावेत, छिद्रे बुजणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

रात्रभर भिजवलेले भेंडीचे बी सुमारे 2 सेंटीमीटर खोल टोकले जाते. रोपे वीतभर झाली की त्यांच्याभोवती वाळलेल्या पालापाचोळ्याचा 5 ते 7 सेंटीमीटर जाडीचा थर पसरतात, मात्र खोडालगत दोन बोटे जागा मोकळी सोडतात. भर दुपारी हाच थर बाजूला सारल्यावर खाली काय दिसते, ते नीट पाहा: काळसर, ओलसर, भुसभुशीत माती आणि त्यात शिरलेली पांढरी तंतुमुळे. झाडून गोळा केलेला पाला काडी लावून पेटवून देणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पाहायला हवे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आता वेलांकडे वळू. काकडी आणि दुधी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि सुरुवातीची बरीचशी फुले नर असल्यामुळे ती गळतात; त्याने घाबरून जाऊ नये. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे, लव असलेले इवले फळ आधीपासूनच असते. काकडीचे पिवळे फूल सकाळी उमलते, दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी. मधमाश्या किंवा पतंग फिरकत नसतील, तर ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, उरलेला परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावा. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी केली, तर हे काम बिनबोभाट करणारे कीटकच मरतात.

पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुले गळतात, तेव्हा दुपारपुरते सावलीचे जाळे लावावे. भेंडी पेरणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांनी तोडणीला येते, आणि पुढे ती एक दिवसाआड तोडावी, नाहीतर जून होते.