कमरेतल्या इंजेक्शननंतरचे दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मणक्याची गादी सरकते, नस दबते आणि कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरते. सायटिका सोसलेल्यांना तिचं वर्णन ऐकवायला नको. गोळ्या आणि व्यायाम करूनही ती हटली नाही, तर डॉक्टर मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. हे औषध मज्जारज्जूत जात नाही, त्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, सुजलेल्या नसेजवळ सोडतात. बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी येतात. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण घाबरगुंडी उडते ती घरी.

स्टिरॉइडसोबत बहुधा बधिर करणारं औषधही देतात. त्यामुळे काही तास पाय जड वाटतो, दुखणं गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी स्कूटर चालवू नका, जिना कुणाच्या तरी आधाराने उतरा. बधिरपणा ओसरला की कळ परत येते, कधी आधीपेक्षा जोरात, आणि एक-दोन दिवस टिकते. इथेच लोक म्हणतात, 'इंजेक्शन वाया गेलं.' तसं नसतं. स्टिरॉइडचा गुण दिसायला दोन दिवसांपासून आठवडाभर लागू शकतो. सुई टोचली तिथे दुखत असेल तर बर्फाने शेका.

चेहरा लाल आणि गरम होणं, रात्री झोप न लागणं, हे स्टिरॉइडचंच काम. सहसा काही दिवसांत थांबतं. रक्तदाब थोडा वाढू शकतो. बायकांची पाळी मागेपुढे होते. पाळी कायमची बंद झाल्यावर रक्तस्राव दिसला, तर मात्र इंजेक्शनवर ढकलून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असलेल्यांनी आता नीट ऐकावं. औषध कमरेत दिलं तरी त्यातलं काही रक्तात उतरतं आणि साखर चढते, नेहमी आटोक्यात असणाऱ्यांचीसुद्धा. ती काही दिवस, क्वचित आठवडाभर चढी राहते. स्टिरॉइडने जेवणानंतरची साखर जास्त वाढते, म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासून निर्धास्त होऊ नका; दुपारी आणि रात्री जेवणानंतरही तपासा. इन्सुलिन मनाने वाढवू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांशी इंजेक्शनच्या आधीच बोलून ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, आणि ती स्वतःहून बंद करू नका.

उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं, असं झालं तर मज्जारज्जूच्या आवरणाला सुईचं छिद्र पडलेलं असू शकतं. यावर उपाय आहे, डॉक्टरांना कळवा.

गंभीर गुंतागुंत फार क्वचित होते, पण होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या इंजेक्शनांनंतर क्वचित दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूही होऊ शकतो असा इशारा दिला. ताप, मान आखडणं, वाढत जाणारी कंबरदुखी, पायातली ताकद कमी होत जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका, मोठ्या रुग्णालयात जा आणि मणक्यात इंजेक्शन घेतलंय हे आधी सांगा.