पात्रपरिचय

मंडळी, फळ्यावर मी तीन शब्द लिहून ठेवलेत : औषध नलगे मजला. शाळेत श्लेष अलंकार घोकलेल्यांना पुढचंमागचं आठवत असेल. दमयंती नलाच्या ध्यासाने आजारी पडली आहे, शीतोपचार चालू आहेत आणि शुद्धीवर येऊन ती हळूच काहीतरी बोलते. आईला ऐकू येतं ‘औषध न लगे मजला’, मला औषध नको. आई समाधानाने मान डोलावते. दमयंती म्हणाली होती ‘औषध नल गे मजला’, अगं, माझं औषध म्हणजे नल. अक्षरं तीच, त्यांचा क्रमही तोच. फरक आहे तो शब्द कुठे तोडायचा एवढाच.

आज ज्या चकवा देणाऱ्या शब्दकोड्यांविषयी, इंग्रजीत ज्यांना क्रिप्टिक म्हणतात त्यांच्याविषयी, बोलायला मला बोलावलंय, त्यांचं सगळं मर्म या ओळीत आहे. दमयंती खोटं बोललेली नाही. आईने चुकीच्या जागी तोडलं, आणि तिने तसं तोडावं अशी सोय त्या वाक्यातच होती. असा क्लू रचता आला तर कोडं रचणाऱ्याला आणखी काय हवं?

आपल्या वर्तमानपत्रांतली बहुतेक शब्दकोडी निराळी असतात. तिथे अर्थ देतात आणि शब्द विचारतात. ‘कमळ, तीन अक्षरी’. आता लिहा! पंकज, नीरज, जलज, सरोज, अंबुज. पाचही बरोबर, पाचही तीन अक्षरी. मग पेन्सिल थांबते. उभा शब्द सुटून एखादं अक्षर मिळेपर्यंत वाट बघायची. इथे तुमची शब्दसंपत्ती कामाला लागते, पण कोडं तुम्हाला कौल देत नाही. आता हा दुसरा क्लू ऐका : ‘सकाळच्या सुरुवातीला रोज उमलतं ते (३)’. पहिल्यांदा वाचताना एक साधं, प्रसन्न वाक्य वाटतं. आता दमयंतीच्या आईसारखं न ऐकता तोडून बघा. ‘सकाळ’ या शब्दाची सुरुवात म्हणजे स. त्याला जोडा रोज. स आणि रोज, सरोज. ‘उमलतं ते’ हा अर्थ. आता पंकज नाही, नीरज नाही, सरोजच. एकही उभा शब्द न सोडवता तुम्ही पेनाने लिहू शकता, कारण क्लू उत्तराकडे दोन वाटांनी जातो, अर्थाच्या आणि अक्षरांच्या, आणि दोन्ही वाटा एकाच दारात येतात.

हा प्रकार इंग्रजीत घडला. शब्दकोडं मुळात अमेरिकेतलं. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात पहिलं छापलं, तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं. दहाएक वर्षांत ते इंग्लंडला पोचलं आणि तिथल्या लोकांनी त्याला वाकडं वळण दिलं. नुसता अर्थ विचारणं त्यांना अळणी वाटू लागलं. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्केमाडा या नावाने कोडी यायला लागली, आणि हे नाव स्पेनमधल्या धर्मपीठाच्या क्रूर न्यायाधीशाचं आहे, यावरून सोडवणाऱ्यांचे किती हाल होत असतील ते समजून घ्या. पुढे या छळाला कायदा घातला गेला. आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ मध्ये तो एका वाक्यात सांगितला. मराठीत सांगायचं तर असा : मी बोलतो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी बोललोच पाहिजे. मी कोडं रचायला बसते तेव्हा हे वाक्य समोर ठेवते. वाचणाऱ्याला चकवा द्यायची मुभा आहे. त्याला फसवून हात वर करायची नाही. उत्तर कळल्यावर त्याने क्लू परत वाचला, तर शब्द न शब्द कामाचा निघाला पाहिजे.

मराठीत हे जमेल का, असं मला नेहमी विचारतात. अडचण आहे, आणि ती खरी आहे. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण सव्वीसच. आपल्याकडे एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरासकट. क, का, कि, की ही चार वेगळी घरं. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतील अशी अक्षरं सापडता सापडत नाहीत आणि आपल्या चौकटीत काळी घरं जास्त येतात. अक्षरं उलटसुलट करून नवा शब्द काढायची इंग्रजीतली आवडती युक्ती इथे क्वचित साधते. ‘हजर’ ढवळून ‘जहर’ मिळालं तर मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

पण दुसऱ्या बाजूला आपल्याकडे जे आहे ते इंग्रजीकडे नाही. आपल्याकडे विभक्ती आहे. शब्दाला नुसती हाक मारली तरी तो बदलतो. आपल्याकडे काना आहे, जो काढला तर शब्द तुटत नाही, दुसराच होतो. आपल्या कानाला शतकानुशतकं सभंग श्लेषाची, म्हणजे शब्द तोडून दुसरा अर्थ काढायची, सवय आहे. मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर न वापरता, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिलं. ज्या भाषेत हे घडलं, तिला काळ्या-पांढऱ्या घरांची भीती वाटायचं कारण नाही.

आता मुख्य विषयाकडे येते, म्हणजे सूत्र असलेलं कोडं. यात काही उत्तरं एकमेकांची नातेवाईक असतात, पण नातं सांगितलेलं नसतं. तुम्ही एकेक शब्द भरत जाता आणि मध्येच कधीतरी ते नातं दिसतं. ते दिसलं की आधी भरलेले शब्दसुद्धा बदलतात. अक्षरं तीच राहतात, पण तुम्ही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागता.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण हसवणारं नाही. जॉन ग्रॅहम हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. ‘गार्डियन’मध्ये ते १९५८ पासून कोडी रचत आणि पुढे त्यांनी अरॉकॅरिया हे टोपणनाव घेतलं. अरॉकॅरिया हे एका झाडाचं नाव. त्या झाडाला इंग्रजीत माकडाला पडलेलं कोडं अशा अर्थाचं नाव आहे, म्हणजे नावातसुद्धा कोडंच. जानेवारी २०१३ मध्ये, नव्वदी ओलांडलेल्या या माणसाचं एक कोडं छापून आलं. वर एक ओळ होती : अरॉकॅरियाला १९चा उभा १८ झाला आहे आणि त्यावर १३-१५ हे उपचार सुरू आहेत. लोक चहाचा कप घेऊन बसले आणि सोडवायला लागले. उभा १८ सुटला : कॅन्सर. १९ : अन्ननलिका. १३-१५ : पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करण्यासाठी नव्हे तर यातना कमी करण्यासाठी केलेली शुश्रूषा. आसपासच्या घरांत स्टेंट, एंडोस्कोपी, नर्स.

जरा कल्पना करा. पन्नासहून अधिक वर्षं रोजच्या वाचकांशी ज्या भाषेत हा माणूस बोलला, त्याच भाषेत त्याने आपला आजार सांगितला. आणि सांगितला म्हणजे काय, वाचकाच्या हाताने एकेक अक्षर लिहवून घेतला. बातमी वाचणं आणि ती स्वतःच्या पेन्सिलीने चौकटीत भरणं यांत केवढं अंतर आहे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. शब्दांचा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असं कुणी म्हटलं की मी या कोड्याची गोष्ट सांगते.

दुसरं उदाहरण अगदी थोडक्यात, कारण त्यातली गंमत एका घरात मावते. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मतदानाचा दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोड्यात उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी विचारली होती. क्लिंटन निवडून आले, असं भरलं तरी चौकट जुळत होती आणि बॉब डोल निवडून आले, असं भरलं तरी जुळत होती. दोन्ही नावं इंग्रजीत सात वर्णांची. छेदणारे उभे शब्दही दोन्ही बाजूंनी लागू पडतील असे निवडलेले. हॅलोविनचा काळा प्राणी कोणता? मांजर म्हणजे कॅट म्हणाल तर सी, वटवाघूळ म्हणजे बॅट म्हणाल तर बी. रचणारे जेरेमाया फॅरेल गणिताचे प्राध्यापक होते, याचं मला नवल वाटत नाही.

आता माझं कोडं. मोठ्या उदाहरणांशेजारी ते ठेवायचा हेतू एवढाच, की ते मराठीतून बाहेर नेता येत नाही. दिवाळीत घरच्यांसाठी केलं होतं. शीर्षक दिलं ‘पात्रपरिचय’. खाली सूचना : आठ उत्तरांचा अर्थ दिलेला नाही, ती सगळी पात्रं आहेत. हे आठ क्लू.

दुसऱ्या पांडवाला हाक (२). आंबा खाऊन उरलं, त्याला नकार (३). भाकरीबरोबर कच्चा खा (२). झाडावरून पहाटे उतरते, उन्हात आंबते (२). अरे, दूध पिऊ नकोस! (३). मावळातला मऊ, वासाचा भात (४). हिचं लग्न दिवाळीनंतर (३). काना मोडलेलं शर्यतीचं जनावर (२).

घरातल्या सगळ्यांनी पहिला क्लू झटकन सोडवला. भीमाला हाक मारायची म्हणजे ‘भीमा!’ आणि मला हवं होतं तेच झालं. शीर्षक पात्रपरिचय, पहिलं उत्तर भीमा, म्हणजे महाभारतावरचं नाटक. माझा भाचा तर द्रोण आणि विदुर कुठे बसतात ते शोधायला लागला. मग तिसरा क्लू सुटला : मुळा. मुळा नावाचं पात्र कुठल्या नाटकात असतं? चौथा सुटला : नीरा. ही नायिका असू शकते, असं कुणीतरी म्हणालं. सातवा, तुळशी. हीसुद्धा चालेल. पण सहावा इंद्रायणी निघाला आणि भाचा थबकला. मुळा, नीरा, इंद्रायणी. त्याने डोक्यावर हात मारला. पात्र म्हणजे नदीचं पात्र!

हा जो क्षण आहे ना, त्यासाठी मी तीन आठवडे घालवले होते. ‘पात्र’ हा शब्द मी लपवला नव्हता. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिला होता. आणि तो कळल्याबरोबर राहिलेले धडाधड सुटले. आंब्याची कोय, तिला नकार ‘ना’ : कोयना. मांजराला दटावायचं म्हणजे ‘मांजरा!’ : लातूर-बीडकडची मांजरा. शर्यतीच्या घोड्याचा काना काढला की राहते घोड, जुन्नर-शिरूरकडची. मधोमध आडवा एक सरळ क्लू ठेवला होता : ‘पहिला स्वर, फळाचा मगज, आणि शेवटी सगळी पात्रं इथेच (३)’. सा आणि गर, सागर.

रचताना एक गोष्ट मनासारखी झाली नाही ती सांगते. मला हवं होतं की नद्या जिथे खरोखर मिळतात तिथेच चौकटीत एकमेकींना छेदाव्यात. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, नीरा-नरसिंगपूरला नीरा भीमेला. पण या जोड्यांत एकही अक्षर समान नाही. समान अक्षर सापडलं ते नीरा आणि मांजरा यांच्यात, ‘रा’. चौकटीत त्या दोघी छान छेदतात. जमिनीवर एकीचं पाणी भीमेतून कृष्णेला जातं आणि दुसरीचं गोदावरीला. मी चौकटीपुढे हार मानली आणि तो छेद तसाच ठेवला. आजही तो बघताना खुपतो.

पण खरी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. ती दाखवली मावशीने. तिचं सगळं आयुष्य कराडला गेलं, प्रीतिसंगमावर रोज फिरायला जाणारी बाई. शब्दकोडं तिने कधी हातात धरलेलं नाही. सगळे आनंदात ओरडत असताना ती चष्मा लावून भरलेली चौकट शांतपणे वाचत होती. कोयनेवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ही आहे. मग हिची थोरली कुठाय?’’

मी म्हटलं, ‘‘मावशी, सगळ्या शेवटी सागरात जातात ना, तो ठेवलाय मध्ये.’’

‘‘सागरात जातील गं. पण आधी कृष्णेत नको का जायला?’’

मी मोजलं. भीमा, मुळा, नीरा, इंद्रायणी, घोड, कोयना, तुळशी. आठातल्या सात नद्यांचं पाणी कृष्णेतूनच समुद्राला जातं, एकटी मांजरा सोडून. आणि कृष्णाच चौकटीत नव्हती! सात पात्रं मी रंगमंचावर आणली होती आणि ज्या घरातली ती सगळी, त्या घराचं नाव घ्यायला विसरले होते. त्या रात्री चौकट पुसून पुन्हा आखली. दोन काळी घरं काढली, एक आडवा शब्द टाकून दिला. नववा क्लू सकाळी चहाच्या वेळी मावशीला वाचून दाखवला : ‘द्रौपदी म्हणू, की तिच्या सख्याला हाक मारू? (२)’.

ती म्हणाली, ‘‘हां, आता ठीक.’’