नियंत्रकाला वायू दिसत नाही

आज विषय वायू-नियंत्रक बसवण्याचा आणि जुळवण्याचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतील) मंडळी समोर बसली असल्याने मी उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचे घेतो. साच्यात धातू ओतला की वाळूतील कोळशाची भुकटी आणि कोअरमधील (साच्यात पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्यातील) रेझिन अर्धवट जळते आणि हा रंग-वास नसलेला वायू शेडमध्ये पसरतो. त्यावर नजर ठेवणारा नियंत्रक आपण पॅनेलमध्ये बसवतो खरा, पण त्याला वायू दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त ट्रान्समीटरने, म्हणजे सेन्सरचे मोजमाप विद्युतप्रवाहात बदलणाऱ्या उपकरणाने, पाठवलेला 4 ते 20 मिलिअँपिअरचा प्रवाह, आणि त्या प्रवाहाचा अर्थ त्याला आपणच सांगायचा असतो.

समजा, ट्रान्समीटरचा पल्ला 0 ते 500 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे भाग) आहे आणि नियंत्रकात कोणीतरी 0 ते 100 असा भरला आहे. शेडमध्ये 50 पीपीएम वायू असताना ट्रान्समीटर 5.6 मिलिअँपिअर पाठवतो, पण पडद्यावर 10 उमटतात. गजर 50 वर लावलेला असेल, तर तो प्रत्यक्षात 250 पीपीएम झाल्यावरच वाजेल. यात कुठलाही दोष-दिवा लागत नाही, आणि म्हणूनच ही चूक मला तुटलेल्या तारेपेक्षा अधिक घातक वाटते. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि 4 पासून सुरुवात ठेवल्यामुळे नियंत्रकाला ते लगेच कळते, मात्र 3.6 मिलिअँपिअरच्या खाली गेल्यास दोष दाखवावा, ही सेटिंग चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत या वायूसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 50 पीपीएम होती. ती सरासरी होती, क्षणाचे मोजमाप नव्हे. तरीही पहिला गजर तिथेच लावणे शहाणपणाचे. गजर 50 ला वाजून 45 च्या खाली थांबावा, एवढे अंतर ठेवले नाही तर रिले (भोंगा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सारखा खटखट करतो आणि कामगार वैतागून भोंग्याची तारच काढून ठेवतात. दुसऱ्या पातळीचा गजर मात्र कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत थांबू नये. दोषाचा रिले नेहमी ऊर्जित ठेवावा, म्हणजे नियंत्रकाची वीज गेली की तो सुटतो आणि तेही कळते.

बसवण्याविषयी थोडक्यात. हा वायू हवेइतकाच जड, म्हणून सेन्सर नाकाच्या उंचीवर. एलपीजीसाठी जमिनीलगत, अमोनियासाठी वर छताकडे. केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावे आणि ती इंडक्शन भट्टीच्या केबलपासून दूर न्यावी. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता ग्लँडचे, म्हणजे केबल आत जाते त्या जोडाचे, तोंड खाली हवे.

शून्य-जुळणी, म्हणजे वायू नसताना वाचन शून्यावर आणणे, पोअरिंग (धातू ओतणे) चालू असलेल्या शेडमध्ये कधीही करू नये. हवेत 20 पीपीएम असताना शून्य धरले, तर पुढचे प्रत्येक वाचन तेवढ्याने कमी येते; त्यासाठी शुद्ध हवेचे सिलिंडर वापरावे. मग प्रमाण माहीत असलेला प्रमाणित वायू सोडून पल्ल्याचे वरचे टोक जुळवावे. शेवटी तोच वायू सेन्सरवर सोडून पडद्यावरचा आकडा सिलिंडरच्या प्रमाणपत्राशी ताडावा, भोंगा वाजतो का आणि एक्झॉस्ट फॅन खरोखर फिरतो का हे शेडमध्ये उभे राहून पाहावे, आणि भरलेला पल्ला, गजराच्या पातळ्या व तारीख रजिस्टरमध्ये लिहावी. नियंत्रकाचा पासवर्ड त्या रजिस्टरमध्ये लिहू नये.