तळाशी सहा पेले

रविवार, सकाळचे साडेसहा. ठाण्यातला एक जलतरण तलाव. पलीकडच्या टोकाला लहान पोरांची बॅच पाय आपटतेय. इकडे खोल बाजूला, तळाच्या टाइल्सवर, स्टीलचे सहा पेले ओळीने उभे करून ठेवलेत. घरी पाणी प्यायला असतात, तेच.

सिलिंडर पाठीला लावून स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्या मंडळींनी त्यांच्यावरून वीतभर उंचीने जायचंय. पेला पडता कामा नये. पहिल्याच फेरीत चार आडवे! हात कुणाचाच लागलेला नाही. पायांतल्या वल्ह्यासारख्या फिनच्या फटकाऱ्याने ढवळलेल्या पाण्यानेच लोळवले.

ही सगळी तयारी मालवणच्या समुद्रासाठी. तिथे पेल्यांच्या जागी प्रवाळ असतं. दगड समजून त्यावर खुशाल उभे राहणारे पर्यटक आपल्यातलेच. पण तो दगड म्हणजे बारीक जिवांची वसाहत. काही गोलसर जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. उडालेली वाळू वर बसली, तर ती झटकण्यातच त्यांची ताकद जाते.

शिकवणारा मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. घर गाबितांचं, होडी-जाळ्यावर चाललेलं. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला. मासेमारीवर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला, आणि खरं सांगायचं तर तो मला गैर वाटत नाही. आज त्याच किनाऱ्यावरची पोरं पर्यटकांना पाण्याखाली नेतात, घरात न्याहारी-निवास चालवतात. प्रवाळ मेलं, तर बघायला येणार कोण, हे त्यांना कुणी समजवावं लागत नाही.

घाई आपली असते. स्वस्तात, झटपट आणि फोटोसकट हवं असतं. मग नांगर थेट खडकावर पडतो. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो.

"खाली पाय टेकव नको रे, तां जितां आसा," शिकवणारा टाइल्सकडे बोट दाखवून म्हणतो. सगळे हसतात.

सगळी मेख श्वासात. आत घेतला की शरीर किंचित वर, सोडला की खाली. रोखून मात्र कधीच धरायचा नाही. एका काकूंना हे सर्वांआधी जमलं. प्राणायामाची सवय, म्हणाल्या.

शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या. सकाळी कुडाळ, पुढे मालवण.

आज पाचवी फेरी. बुडबुड्यांची माळ पेल्यांवरून सरकते. पाच उभे. सहावा आडवा. शिकवणारा तो उचलून जागेवर ठेवतो आणि बोट गोल फिरवतो: परत.